बंद पेटी

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार निघेपर्यंत गप्पांना नुसता ऊत आलेला असतो. त्या सकाळी विषय निघाला तीन महिन्यांपूर्वीच्या दहशतवादी हल्ल्याचा. मलकापूरहून आलेला एक पाहुणा तावातावानं सांगत होता, "सगळं सरकारनंच घडवून आणलंय की! कोण मेलंच न्हाय. पेट्या रिकाम्या हुत्या."

त्र्यंबकमास्तरांनी हातातली किटली दाणकन खाली ठेवली.

"पावणं, त्यातल्या एका पेटीत माझा पोरगा होता. ह्याच हातांनी अग्नी दिलाय त्याला."

मास्तर दूध न घेताच घरी आले.

त्यांच्या पत्नी माई दारातच उभ्या होत्या, हातात मोबाईल घेऊन. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी केस विंचरले होते.

"अहो, ह्यात सांगतायत, सगळं सरकारनंच रचलं होतं म्हणे. पेट्या रिकाम्याच होत्या. तुम्ही उघडून बघितली होती का हो अभिरामची?"

मोबाईल हिसकावून घ्यायला मास्तरांचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. विमानतळावर हट्टानं झाकण उघडायला त्यांनीच लावलं होतं. अभिरामच्या कपाळावरचे केस त्यांनीच मागं सारले होते. माईला बघवणार नाही म्हणून पेटी पुन्हा बंद करायलाही त्यांनीच सांगितलं होतं आणि तशीच बंद पेटी चितेवर ठेवली होती.

माई श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "सरकारी माणसांनी उघडूच दिली नाही."