मोहेईची दाढ

“सूज कुठे गेली?” अंमलदार कुवाबारांनी दरडावून विचारलं.

उरागा बंदराच्या किनाऱ्यावर गुडघे टेकून बसलेल्या मोहेई कोळ्यानं मान खाली घातली. परवापर्यंत गाल टम्म फुगलेला हा म्हातारा काल परदेशी गलबतावर पाण्याची पिंपं पोचवायला गेला आणि परतला तो चक्क गाणं म्हणत!

गलबत आठ दिवस खाडीत उभं होतं. व्यापार करू द्या म्हणून कप्तान विनवण्या करत होता. एडोच्या दरबाराचा हुकूम साफ होता. लाकूड, पाणी, खायला मुळे हवे तेवढे द्या, पण फुकट. त्यांच्याकडून साधं बटणसुद्धा घ्यायचं नाही. घेतलं की झाला व्यापार, आणि घेणाऱ्याला कैद.

“काय घेतलंस त्यांच्याकडून?”

“काही नाही, सरकार. उलट त्यांच्या वैद्यानंच माझी दाढ घेतली.”

“बदल्यात?”

“छे हो! फुकट दिली. मुळ्यांसारखीच.”

गर्दीत खसखस पिकली. कुवाबारा हसले नाहीत. माणूस भला, पण हुकमापुढे त्याचं डोकं चालायचं नाही. “दुखणं गेलं ना? म्हणजे आराम घेतलास. तो ठेवून घेता येणार नाही.”

आता आराम परत कसा करतात, बिचाऱ्या मोहेईला कळेना. शिपायानं दोरी काढली. तशी मोहेईची बायको ओरोकु गर्दीतून पुढे घुसली. ती भ्यालेली होती, तोंड मात्र नेहमीसारखंच चालू होतं.

“सरकार, याला घरी धाडा. मी असताना याला आराम मिळतोय होय! चाळीस वर्षं मिळू दिला नाही, आता काय मिळू देतेय!”

कुवाबारांनी ओठ गच्च मिटले, तरी हसू फुटलंच. “घेऊन जा,” ते म्हणाले.

घरी पोचेपर्यंत ओरोकुनं नवऱ्याची बाही सोडली नाही. रस्ताभर त्याला शिव्या घालत होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी गलबताला नकार कळवला. ते ओढून बाहेर काढायला गावच्या होड्या लागल्या. वल्ह्यावर मोहेईही होता. परक्यांशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, अशी सक्त ताकीद होती. कठड्यावरून वैद्यानं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

मोहेईनं शेजारच्या होडीतल्या कुवाबारांकडे पाहिलं. कुवाबारांनी शांतपणे पाठ फिरवली आणि ते रिकाम्या समुद्राकडे बघत उभे राहिले.

मोहेईनं चांगला मोठ्ठा आ वासला.