उलट्या चार ओळी

पुस्तकात नाव ज्याचं, त्याला ऊब चुलीपाशी,
नाव नाही कुठं ज्याचं, तो गं कुणाच्या उशाशी?

सफरचंदं सोलता सोलता आजी हे गायची. सालीची लांब फीत तुटू न देता गायची. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. तरी गावच्या चर्चमधल्या या दप्तरखोलीत, बाप्तिस्म्याच्या जाडजूड वहीसमोर बसलं की ओटीलीच्या कानात तो आवाज जरा मोठाच व्हायचा.

वहीच्या पलीकडे तिची लेक रेनाटे बसली होती. दप्तरखोली फक्त मंगळवारी उघडायची, आणि हा त्यांचा चौथा मंगळवार. टेबलावर रेनाटेनं काढलेला वंशवृक्ष पसरला होता. सगळ्या चौकटी भरल्या होत्या. एकच रिकामी होती, ओटीलीच्या आजीच्या वडलांची. योस्ट ब्रिंकमान, गाड्यांची चाकं बनवणारा, जन्म बहुधा अठराशे एक्कावन्न.

"कॉफी बाहेर!" दप्तर सांभाळणारे टोनिस मास्तर दारातून ओरडले. "इथली माणसं दोनशे वर्षं कोरडी राहिली आहेत. तुमच्या हातून भिजायला नकोत."

"थर्मास रिकामा आहे, मास्तर."

"मग रिकामा थर्मास बाहेर!"

ओटीली हसली. तिचे हात थांबले नव्हते. राखाडी लोकरीचा मोजा टाचेपर्यंत आला होता.

रेनाटेनं त्या वर्षाची शेवटची नोंद वाचली, डोळे चोळले आणि पेन्सिल उचलली. "नाही सापडत. सगळं वर्ष तीनदा वाचलं. तुझ्या आजीनं गाव तरी खरं सांगितलं होतं का, देव जाणे." रिकाम्या चौकटीवर तिनं हळूच काट मारली.

सुया थांबल्या.

"पूस ती काट," ओटीली म्हणाली. "आणि अशी माझ्या बाजूला ये."

"कशाला?"

"ये म्हणते ना. आईचं ऐकायला वयाची अट नसते."

रेनाटे टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. ओटीलीनं सुईचं टोक वहीपासून चार बोटं वर धरून पानाच्या तळाशी रोखलं. तिथल्या चार ओळी उलट्या लिहिलेल्या होत्या. कुणीतरी वही फिरवून केलेली किरकोळ टिपणं, असं समजून रेनाटेनं त्या दर वेळी सोडल्या होत्या. या बाजूनं त्या सरळ होत्या. जुनी काटेरी लिपी, पण स्वच्छ. योस्ट. आई डोरोथेआ ब्रिंकमान, मोलकरीण. बापाच्या जागी नुसती रेघ.

टोनिस मास्तर चष्मा पुसत जवळ आले. "हं. तेव्हाच्या पाद्रीबुवांची रीत होती ती. लग्नाआधीचं लेकरू असलं की वही फिरवायची आणि डोक्यावर उभं करायचं."

रेनाटे आईकडे वळली. "तुला केव्हा दिसलं?"

"पहिल्याच मंगळवारी. आजीची पत्रं वाचून वाचून ही लिपी मला येते. आणि बसले मी या बाजूला."

"आणि चार मंगळवार तू मोजे विणत बसलीस?"

"दीड जोड झाला."

मास्तर खोकले आणि उगाचच खिडकीपाशी गेले.

रेनाटे हसेल, चिडेल, नाहीतर कागद गुंडाळून ठेवील. ओटीली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चार मंगळवार ती याच घडीला भीत होती. पण रेनाटे खाली वाकली. इतकी, की तिचा श्वास पानाला लागला असता.

"पावणेदोनशे वर्षं डोक्यावर उभा आहेस होय रे बाबा," ती हळूच म्हणाली. "पाय वर करून दमला असशील. ये, बस आता."

तिनं चौकटीवरची काट पुसली आणि नाव लिहिलं. योस्ट. सरळ, ठळक. शेजारी तितकंच ठळक डोरोथेआचं. बापासाठी तिनं चौकटच काढली नाही. मग हात लांब धरून कागद पाहिला. शाळेतून बक्षीस घेऊन आल्यावर पाहायची, तसा.

"झालं, आई! पूर्ण झालं."

ओटीलीनं विणकाम मांडीवर ठेवलं.

"माझ्या नावाखाली किती चौकटी काढल्या आहेस?"

"एक. मीच की! अजून कोण असणार?"

"तिच्या डावीकडे जागा आहे?"

रेनाटेनं कागदाकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"अजून एक काढ तिथं," ओटीली म्हणाली. "तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. तेव्हा तुझे बाबा मला भेटलेही नव्हते. नाव मी योस्टच ठेवलं होतं. दुसऱ्या घरी दिलं गं त्याला, द्यायला लावलं. पण तीन दिवस माझ्या उशाशी होता."