थोरलीचा नंबर

पिरंगुटच्या पुढे बस अडकली, तेव्हा पुण्यात माझ्या ओमची कुस्ती सुरू होणार होती. माझ्या मोबाइलचा डेटा संपला होता. सासूबाईंच्या मांडीवर मीच घेऊन दिलेला टॅब होता. तो मी बसच्या वायफायला जोडू लागले. “नंबर मागतंय,” मी पुटपुटले. त्यांनी डोळे मिटून माझ्या थोरल्या जावेचा नंबर घडाघडा म्हटला. “आत्या, माझा पाठ नाही?” मी सासूबाईंना विचारलं. “तू कामावर. अडीनडीला थोरलीच उचलती फोन.” ओटीपी तिच्या फोनवर, मागे आमच्या भरे गावी गेला असता, म्हणून मी गुपचूप माझाच नंबर टाकला. वायफाय लागलं. थेट प्रक्षेपणात ओम आखाड्यात उतरताना दिसला. “बघितलंस? थोरलीचा नंबर हाय, लागणारच,” सासूबाई खुशीत म्हणाल्या. “लाव तिला फोन. म्हणावं, तुज्यामुळं पोराची कुस्ती दिसली.” मी लावला. नंबर मोबाइलमध्ये शोधावा लागला नाही. एकदाच ऐकून पाठ झाला होता.