धाकटीची टोपली

"टोपली पाहिजे म्हणजे पाहिजे!" थोरलीने कात्री टेबलावर आपटली. "धाकटीच्या वेबसाइटवर आहे ना, तश्शीच. आणि तिच्याहून मोठी."

वेबसाइट बनवणारी बाई कपाळाला हात लावायची तेवढी राहिली होती. दोघी बहिणींचं काम तिच्याकडेच. "अहो काकू, तुमची बहीण उशांचे तयार अभ्रे विकते. आवडला, टोपलीत टाकला, पैसे भरले, संपलं. तुम्ही पडदे शिवता. कुणाची खिडकी कुणासारखी असते का? माणसं आधी कापड चाचपणार, मग तुम्ही जाऊन माप घेणार. तुम्हाला एक पान पुरे. कामाचे फोटो, पत्ता, फोन नंबर."

"म्हणजे तिला अख्खं दुकान आणि मला नुसती पाटी?"

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. धाकटीला सुईत दोरा ओवायला हिनेच शिकवलं. पहिल्या अभ्र्याची शिवण चारदा उसवायला लावली. आणि आता बघा थाट! वेबसाइटच्या तळाशी भेटींचा आकडा झळकायचा. थोरली तो सकाळी चहा पिताना बघायची, दुपारी जेवताना बघायची, मशीनचा दोरा बदलतानाही बघायची. कधीही उघडा, मेला वाढलेलाच! मग ती एकेक अभ्रा मोठा करून त्यात वाकडा टाका शोधायची. टाका सरळ निघाला की आणखी पोटात दुखायचं.

"नव्या मशीनसाठी पैसे ठेवलेत, ते घे," ती म्हणाली. जुनं मशीन हल्ली दर पडद्याला अडायचं, गिऱ्हाइकं कुरकुरायची. पण धाकटीपुढे हार? छे!

तेवढ्यात धाकटीच दारात. उसनी नेलेली मापपट्टी परत करायला आली होती. बोलणं तिच्या कानावर पडलंच.

"ताई, वेडी का खुळी तू? माझ्यासारखी वेबसाइट? मशीनचे पैसे त्यात घालू नकोस गं. कित्येक महिन्यांत माझा एक अभ्रा खपलेला नाही."

लपवतेय सटवी, थोरलीच्या मनात आलं. "काहीतरीच! मग एवढी गर्दी कुणाची?"

धाकटी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "गर्दी कसली? या वेबसाइटवालीलाच शोधायला लावलं मी. सगळ्या भेटी एकाच फोनवरून. कुणीतरी एकटंच रोज येतं. सकाळी चहाच्या वेळेला, दुपारी जेवणाच्या वेळेला, मधेमधेही. एकेक अभ्रा मोठा करून बघतं. घेत काही नाही. मी तर दुकान बंदच करणार होते, ताई. मग म्हटलं, माझी शिवण टाका न् टाका निरखणारं एक माणूस तरी आहे. त्याच्यासाठी राहू दे."

थोरलीच्या मांडीवर फोन होता. त्यावर धाकटीचा निळा अभ्रा मोठा करून ठेवलेला होता. तिने फोन हळूच उपडा घातला आणि घसा खाकरला.

"माझं एकच पान कर," ती वेबसाइटवालीला म्हणाली. "आणि त्याच्या खाली हिच्या दुकानाची वाट दाखव. नुसती बघणारी एक आहेच तिच्याकडे. आता घेणारं कुणी जाऊ दे."