वेल्डिंग चालू द्या

नव्या टेपेवरचा कर्नेल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा गाभा, चढवून झाला. सत्त्याऐंशीचा मे. नागपुरातल्या कॉलेजच्या संगणक केंद्राचे प्रमुख दत्तोपंत प्रोग्रामर कुसुमावतीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"आपली ठिगळं लावली का वं यात?"

"नाही सर. एकही नाही."

"काहून? इतकी वर्षं काय माशा मारून राहिलो होतो आपण?"

शेजारच्या वर्कशॉपात वेल्डिंग सुरू झालं की विजेचा दाब पडे, डिस्क अडखळे आणि मशीन बसकण मारी. कुसुमावतीने गाभ्यात भर घातली होती: डिस्क अडखळली तर जरा थांबून पुन्हा वाचून पाहा. पण अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून नवी टेप आली की ही आणि अशी सगळी ठिगळं नव्याने शिवावी लागत. शेवटी नव्या टेपा कपाटातच राहू लागल्या. मग तिने एकेक दुरुस्ती, फक्त नागपूरपुरतं होतं ते काढून, मूळ गाभा लिहिणाऱ्यांकडेच पाठवली. त्यांनी ती या नव्या टेपेत घेतली. पण आपल्या पद्धतीने बदलून. इथे ती टिकेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"आज मशीन बसलं तर कायमची जुनीच टेप," दत्तोपंत म्हणाले. "मग हा तिकडे पाठवायचा नाद सोडायचा."

"सोडीन."

ती ऑपरेटरकडे वळली. "मारोतराव, वर्कशॉपात जा. वेल्डिंग सुरू करा म्हणावं."

"सुरू?" मारोतराव हसले. "रोज बंद करा म्हून हात जोडतो मी त्यायले. डोकं फिरलं म्हणतील माहं!"

ते गेले. थोड्या वेळाने ट्यूबलाइट फडफडली, पंखा मंदावला. डिस्कची घरघर तुटली. कुसुमावती पडद्याकडे झुकली.

पडद्यावर एक ओळ उमटली. डिस्क अडखळली, पुन्हा पाहत आहे. तिचीच ओळ, तिकडून फिरून आलेली. तिच्याखाली दुसरी: ठीक.

घरघर पुन्हा लागली. पलीकडच्या टर्मिनलांवर मुलं टाइप करतच होती. कुणी मानही वर केली नाही.

दत्तोपंतांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. "म्हणजे आता आपलं वेगळं असं काहीच उरलं नाही?"

"काहीच नाही, सर. आता नवी टेप आली की नुसती चढवायची," ती म्हणाली आणि मोठ्यांदा हसली.

मारोतराव धापा टाकत दारात आले. "बाई, बंद करायले सांगू का आता?"

कुसुमावती जुन्या ठिगळांच्या टेपेवरचं 'नागपूर' लिहिलेलं लेबल नखाने सोलत होती. टेप तिने कोऱ्या टेपांच्या ढिगावर ठेवली.

"नको. दिवसभर चालू द्या म्हणा."