हापशाचा दांडा

घर आणि ड्युटी सांभाळून नर्सबाईंनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि एकदाच्या त्या अधिकारी झाल्या. प्रबंध वस्तीतल्या दूषित पाण्यावर होता. तो वाचून साहेबांनी तिथला हापसा बंद केला आणि सहकाऱ्यांनी त्याचा दांडा पॉलिश करून, लाकडी ठोकळ्यावर बसवून बाईंना भेट दिला. नव्या टेबलावर तो दिमाखात उभा होता. पहिल्याच दिवशी वस्तीतल्या मावशी आल्या. “बाई, नळ कधी येणार हो?” “वर पाठवलंय, मावशी. लागतो वेळ.” “तोवर नाल्यातलं पितोय आम्ही. नात गेली माझी. तुमच्याच हातांत जन्मलेली.” बाई कशाबशा पुटपुटल्या, “अहो, पण हापशाचं पाणी वाईटच होतं.” “वाईट होतं. पण होतं.” मावशींची नजर दांड्यावर गेली. दोन्ही हातांनी तो धरून त्या सवयीने हापसू लागल्या. टेबलावर नुसता ठोकळा आपटत राहिला.