कुणालीचं लायसन

गो मनस्वी, तू फक्त ऐक. मधे तोंड घालू नको, विचारायचं ते मग विचार.

तर कुणाली मुरबाडला लायसनच्या फॉर्मच्या खिडकीपाशी उभी, आणि आतली बाई तिला म्हणतेय, "तुमी नक्की कोण?"

कारण शाळेच्या दाखल्यावर कुणाली आणि आधारवर दामिनी. लग्नात नवऱ्यानं, प्रज्वलनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं दामिनी लिहिलेलं, आणि हौसेनं आधारवरपण तेच चढवलेलं. आता लायसन काढायचं तर दोन्हीकडं एकच नाव पायजे.

"एक कुठलं तरी धरा," बाई म्हणाली. "नवीन धरायचं तर सरकारी गॅझेटात छापून आणा. जुनं धरायचं तर आधार बदलून आणा."

कुणालीनं मागं बघितलं. मागं तिची सासू हौसा, कागदांची पिशवी छातीशी धरून.

"जुनं धर," हौसा म्हणाली.

"आई, पण ह्यांना काय वाटेल?"

"तांदळात लिहिलेलं नाव ते. तो तांदूळ आपण त्याच दिवशी शिजवून खाल्ला. शाळेतलं धर गो."

खिडकीतली बाई हसली. कुणालीपण हसली, जरा टोचलं तरी.

लायसनचं असं झालं, त्यांचं घर धसईकडं. घरात एक टेम्पो. गाडी हौसाच्या नावाची. तिच्या माहेरच्या जमिनीतनं मोठा रस्ता गेला, त्याच्या पैशातल्या तिच्या वाट्यातनं घेतलेली. प्रज्वल ती चालवायचा, भाजी कल्याणला न्यायचा. मग पोलिसांनी त्याचं लायसन काढून घेतलं. का, ते घरात कुणी बोलायचं नाय. तेव्हापासून गाडी सापगावला, हौसाच्या बहिणीच्या, वत्सलामावशीच्या अंगणात उभी. आणि प्रज्वल घरात.

मग एक दिवस भाकरी थापता थापता हौसाच म्हणाली, "तू शिक गाडी."

माहेरी भावानं जिला स्कूटीला हात लावू दिला नाय, तिला सासू सांगतेय गाडी शिक. कुणालीला रडूच आलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच, लायसन. आपण गाडी चालवायची, घर परत उभं करायचं.

"त्याला मात्र बोलू नको," हौसा म्हणाली. "हातात आलं की सांगू."

म्हणून प्रज्वलला सांगितलं, शिवणक्लास. हौसा शेजारणीकडनं अर्धवट शिवलेलं झबलं आणून खुंटीला अडकवायची, त्याला दिसेल असं. कुणाली तोंडावर पदर धरून हसायची.

मग आधार बदलायची धावपळ. पत्ता टाकायची वेळ आली तेव्हा हौसा म्हणाली, "सापगावचा टाक, वत्सलाचा. लायसन पोस्टानं येतं, आणि आपला पोस्टमन सगळं दुकानात फेकून जातो." पत्त्याला पुरावा लागतो, म्हणून रेशनकार्डातनं कुणालीचं नाव कमी केलं आणि मावशीच्या कार्डात घातलं. त्या रात्री एकदा तिच्या मनात आलं, मला घरातनं पुसतायत का काय? पण तेवढ्यात हौसानं स्वतःच्या ताटातली बोंबलाची तुकडी तिच्या ताटात सरकवली, आणि असा विचार केला म्हणून तिलाच लाज वाटली.

फोटोच्या दिवशी तिचा गाल सुजलेला. "दाढ आलीय," तिनं बाईला सांगितलं. हौसा म्हणाली, "आज राहू दे. लायसनवरचा फोटो वर्षानुवर्षं राहतो, चांगला येऊ दे." परत एक खेप झाली, पण हौसा कुरकुरली नाय.

गाडीच्या क्लासला कुंडलिक सर. ते म्हणायचे, "ताई, क्लच हाय तो, जात्याचा खुंटा नाय. हळू." तरी शिकली ती. टेस्टला रिव्हर्स मारताना हौसा कुंपणाबाहेर उकिडवी बसलेली, पदर दातात. पास झाल्यावर तिनं त्याच पदरानं कुणालीचा घाम पुसला.

"आई, जन्मभर तुमाला सोडणार नाय," कुणाली म्हणाली.

"आधी गियर नीट टाकायला शिक," हौसा म्हणाली.

मग मावशीचा फोन आला, पाकीट आलंय. दोघी सकाळच्या यष्टीनं सापगावला. कुणालीनं लायसन हातात घेतलं, फोटो बघितला, नाव बघितलं, आणि अंगणातच वाकून हौसाच्या पाया पडली. वत्सलामावशी तोंड फिरवून चुलीकडं गेली.

टेम्पो चालू केला. हौसा शेजारी बसली. कुणाली मुरबाडच्या बाजूला वळवणार, प्रज्वलचं तोंड कसं होईल ते डोळ्यापुढं आणत, तर हौसा म्हणाली, "शहापूरकडं घे. हायवेला."

"डिझेल टाकायचं?"

"घे तर."

हायवेवर आल्यावर एका वडाच्या झाडाखाली हौसानं गाडी थांबवायला लावली. दार उघडून खाली उतरली आणि बाहेरनं लावून घेतलं.

"मागं ताडपत्रीखाली तुझी बॅग हाय," खिडकीतनं म्हणाली. "नाशिकला वसतिगृहाच्या पोरी त्यांच्या गाडीतनं शाळेत न्यायला बाई डायव्हर पायजे. वत्सलानं बोलून ठेवलंय, नंबर बॅगेत हाय. गाडी माझी हाय, मी देतेय."

"आई, असं काय करताय?"

"तुझा एकबी कागद आता त्याच्या घरचा नाय. शोधायला निघाला तरी दामिनीला शोधत बसेल."

कुणाली म्हणाली, "आणि तुमी?"

"मी यष्टीनं जाते घरी. गावाला सांगते, सून मीच हाकलली. म्हणू दे काय म्हणायचं ते."

"ते तुमाला सोडतील का? तुमीपण चला ना."

"त्याला बापाचा हात आलाय गो. बापाचा मार खाल्ला, त्याचा पण खाईन," हौसा म्हणाली. "आणि मी नाय दिसले तर तो आजच तुझ्या मागं निघेल. जा."

गाडी चालूच होती. समोर नाशिकचा रस्ता, आणि आरशात हौसा, यष्टीला हात करत.

आता तू बोल मनस्वी. तू असतीस तर काय केलं असतंस?